विसंगत आवृत्त्या आणि त्रुटिसंदेशाचे गद्य

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणींचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. तेथील कोळसा वणी व माजरी या बाजूने रुंदमापी लोहमार्गावरून बाहेर पडत आला. जिल्ह्याचे ठाणे असलेले यवतमाळ मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरशी जोडले गेले ते अरुंदमापी मार्गाने. पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली गेलेली गाडी ती हीच. एका मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, दुसऱ्याच्या रुळांतील ७६२. राजूरला भरलेली वाघीण वर्धा-बडनेऱ्याचा वळसा घालून मूर्तिजापूरपर्यंत आणली असती, तरी तेथून पुढे आपल्याच जिल्ह्याच्या ठाण्याला जाणे तिला शक्य नव्हते; माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणे एवढाच मार्ग उरला असता. या स्थितीत वाघीण मोडकी आहे असे कोणी म्हणाले नसते, रूळ मोडके आहेत असेही म्हणाले नसते. दोन्ही आपापल्या जागी निर्दोष होते. जुळत नव्हता तो त्यांचा परस्परसंबंध, आणि तो जुळत नाही हे पाहणाऱ्यास डोळ्यांनी दिसत होते.

संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी हीच विसंगती घडते. परंतु तेथे डोळ्यांना काही दिसत नाही. जे दिसते ते केवळ गद्य असते: पडद्यावर उमटलेल्या चार-दोन ओळी. म्हणूनच या ओळींचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावयास हवा. त्रुटिसंदेश हा आजवर साहित्यप्रकार म्हणून कोणी गणला नाही, आणि तसा तो गणावा असा आग्रहही येथे नाही. पण तो लिहिला जातो, वाचला जातो, आणि ज्या मनःस्थितीत तो वाचला जातो तितक्या अधीर मनःस्थितीत दुसरे कोणतेही गद्य क्वचितच वाचले जात असेल. असे असूनही त्याच्या लेखनाकडे जी बेपर्वाई दाखविली जाते, ती अन्य कोणत्याही व्यावहारिक गद्यात खपवून घेतली गेली नसती.

प्रथम विषयाची मांडणी. आजचा कोणताही संगणककार्यक्रम एकटा उभा नसतो. तो इतरांनी लिहिलेल्या अनेक पॅकेजांच्या आधाराने चालतो आणि त्या प्रत्येक पॅकेजच्या आवृत्त्या निघत राहतात. लेखक आपल्या पॅकेजसोबत जाहीर करतो की, अमुक पॅकेजची अमुक क्रमांकापासून पुढची, किंवा अमुक क्रमांकाच्या आतली आवृत्ती आपणास हवी. आवृत्तिक्रमांकाचे तीन भाग करून पहिला भाग बदलला म्हणजे जुन्याशी मेळ तुटला असे मानण्याचा जो संकेत रूढ झाला आहे, त्याचे २.०.० हे विवरण २०१३ सालचे आहे. आता एखाद्या शाळेच्या कार्यक्रमाला ‘हजेरीपट’ आणि ‘दिनदर्शिका’ अशी दोन पॅकेजे हवी आहेत असे कल्पू. ‘दिनदर्शिका’ला ‘कालगणना’ या तिसऱ्या पॅकेजची २ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. ‘हजेरीपट’ला त्याच ‘कालगणने’ची २ च्या आतली. एका वेळी ‘कालगणने’ची एकच आवृत्ती बसविता येते. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण एकत्र पुऱ्या होणाऱ्या नाहीत. पॅकेजे बसविणारे साधन येथे थांबते आणि बोलू लागते. ते काय बोलते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय.

डेबियन या प्रणालीतील एपीटी हे साधन दीर्घकाळ जे बोलत आले त्याचा मासला पाहावा. अमुक पॅकेजांच्या गरजा भागलेल्या नाहीत, असे ते आरंभी सांगते. मग पॅकेजचे नाव, विसर्गचिन्ह, ‘अवलंबून’ अशा अर्थाचा शब्द, पुन्हा विसर्गचिन्ह, दुसऱ्या पॅकेजचे नाव, कंसात आवृत्तीची अट, आणि शेवटी ‘परंतु अमुक बसविले जाणार आहे’ किंवा ‘परंतु ते बसविले जाणार नाही’ असे एक शेपूट. का बसविले जाणार नाही, हे त्या ओळीत नसते. वाचकाने त्या दुसऱ्या पॅकेजचे नाव घेऊन पुन्हा विचारावे, तेव्हा तिसरे नाव कळते. तिसऱ्याबद्दल विचारावे, तेव्हा चौथे. कचेरीत एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे पाठविल्या जाणाऱ्या अर्जदाराची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. प्रत्येक मेजावरचा कारकून खोटे बोलत नाही. तो फक्त आपल्यापुरते बोलतो.

या संदेशाची अखेरची ओळ अधिक चिंत्य आहे. समस्या दूर करता आल्या नाहीत, तुम्ही मोडकी पॅकेजे रोखून धरली आहेत, असा तिचा आशय. ‘रोखून धरणे’ हा येथे पारिभाषिक शब्द आहे: एखादे पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर ठेवावे अशी खूण वापरणाराने मुद्दाम केलेली असणे, हा त्याचा अर्थ. ही ओळ ज्यांच्यापुढे उमटते त्यांपैकी कित्येकांनी अशी कोणतीही खूण केलेली नसते. ती खूण करता येते हेही त्यांना ठाऊक नसते. म्हणजे जे घडलेच नाही त्याचा आरोप वाचकावर ठेवला जातो. आणि ‘मोडकी’ हे विशेषणही तितकेच असत्य. रुंदमापी वाघीण अरुंदमापी रुळावर जात नाही म्हणून ती मोडकी ठरत नाही. एका छोट्या वाक्यात कर्त्याबद्दल एक आणि कर्माबद्दल एक अशी दोन चुकीची विधाने करणारे गद्य, केवळ ते यंत्राने उच्चारले म्हणून, क्षम्य मानावे काय? ते यंत्राने रचलेले नाही. कोणा माणसाने ते एकदा लिहिले आणि यंत्र ते वर्षानुवर्षे म्हणत राहिले.

हे असे का होते, याचे एक कारण तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित असलेल्या भेदात सापडते. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वार्थ आणि परार्थ. पर्वतावर धूर पाहून तेथे अग्नी आहे हे स्वतःशी जाणणे हे स्वार्थानुमान. तेच दुसऱ्यास पटवून द्यावयाचे असेल तेव्हा प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच अवयवांची मांडणी करावी लागते; ते परार्थानुमान. पॅकेजांची जुळणी शोधताना साधन जे करते ते स्वार्थानुमान होय. ते एक आवृत्ती घेऊन पाहते, अडते, मागे येते, दुसरी घेते. हा शोध सोपा नाही. पॅकेजांची दिलेली जुळणी शक्य आहे की नाही हे ठरविण्याचा प्रश्न गणितात ज्यास एनपी-पूर्ण म्हणतात अशा अवघड वर्गात मोडतो, हे युरोपातील एका संशोधनप्रकल्पातील अभ्यासकांनी २००६ साली दाखविले. साहजिकच शोधाची वाट लांब आणि वाकडी असू शकते. पुष्कळशी साधने ही वाटच वाचकापुढे ओततात; फार तर तिच्यातील शेवटचे पाऊल दाखवितात. दोन्ही वेळा वाचकास स्वार्थानुमानाचे कच्चे टिपण मिळते. त्याला हवे असते परार्थानुमान. शोध कसा झाला हे त्याला जाणावयाचे नसते. जुळणी का होऊ शकत नाही हे त्याला कळावयास हवे असते. या दोन गोष्टी एक नव्हेत. शोधात शेकडो पावले पडली तरी अशक्यतेचे कारण अनेकदा तीन वाक्यांत मावते.

या दृष्टीने पायथॉन भाषेच्या पिप या साधनाचा इतिहास उद्बोधक आहे. २०२० पूर्वीचे पिप जी मागणी प्रथम कानी येई ती पुरी करी आणि नंतर येणाऱ्या विरोधी मागणीकडे बव्हंशी दुर्लक्ष करून पुढे जाई. कार्यक्रम बसे, आणि पुढे केव्हातरी भलत्याच ठिकाणी कोसळे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या २०.३ या आवृत्तीपासून नवी रीत लागू झाली: मागण्यांत मेळ नसेल तर साधन नकार देऊ लागले. नकार देणाऱ्यावर कारण सांगण्याची जबाबदारी अधिक, ही जाणीव त्या कामात होती असे दिसते. कारण त्या काळात पिप वापरणाऱ्यांशी बोलून, त्यांना कोणता मजकूर कळतो आणि कोणता कळत नाही, याचा शोध मुद्दाम घेण्यात आला. नव्या संदेशाची घडण पाहता त्या परिश्रमाचे फळ जाणवते. अमुक आणि अमुक ही पॅकेजे एकत्र बसविता येत नाहीत, ही प्रतिज्ञा आरंभीच येते. मग विरोधाचे कारण म्हणून दोन्ही मागण्या एकाखाली एक मांडल्या जातात: याला ‘कालगणना’ २ च्या आतली हवी, त्याला २ पासून पुढची. दोन रुळांची मापे शेजारी शेजारी लिहावीत तसे हे आहे. वाचकास विसंगती सांगावी लागत नाही. ती त्याला दिसते. त्यानंतरचा उपदेश मात्र दुबळा आहे. आवृत्तीची मर्यादा सैल करावी, हा पहिला सल्ला ठीक. परंतु ती मर्यादा अनेकदा वाचकाने घातलेलीच नसते, ती तिसऱ्याच कोणीतरी आपल्या पॅकेजात घातलेली असते. जे वाचकाच्या हाती नाही ते त्याला करावयास सांगणे हा सल्ला नव्हे.

२०१८ साली डार्ट या भाषेच्या पॅकेजांसाठी नॅटली वायझनबॉम यांनी पबग्रब नावाची जी रीत बनविली, तिच्यात परार्थानुमानाकडे याहून पुढचे पाऊल पडले. ही रीत शोध घेता घेता प्रत्येक अडथळ्याचे कारण नोंदवून ठेवते आणि शेवटी त्या कारणांपासून सलग युक्तिवाद रचते: ज्याअर्थी याला ते हवे, आणि ज्याअर्थी त्याला हे चालत नाही, त्याअर्थी या दोघांचे एकत्र येणे वर्ज्य. एखादा निष्कर्ष पुढे पुन्हा लागणार असेल तर त्या ओळीस क्रमांक दिला जातो आणि पुढे त्या क्रमांकाचा हवाला येतो. पायथॉनसाठी २०२४ साली आलेल्या यूव्ही या साधनानेही हीच रीत स्वीकारली आहे. युक्तिवादाच्या शुद्धतेबद्दल पबग्रबला दोष देता येणार नाही. तरीही त्याचे दीर्घ संदेश वाचताना शासकीय ठरावाची आठवण होते. तेथेही ‘ज्याअर्थी’ची चढण चढून वाचक दमल्यावर शेवटी ‘त्याअर्थी’ भेटते. नैयायिकांनी प्रतिज्ञा प्रथम ठेवली आणि निगमनात तिचा पुनरुच्चार केला, तो निष्कारण नव्हे. काय सिद्ध केले जात आहे हे आधी कळले तरच ऐकणारा हेतूकडे योग्य त्या दृष्टीने पाहतो. पबग्रबमध्ये निगमन आहे. प्रतिज्ञा बहुधा गळून पडली आहे.

याच्या उलट टोकास जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साधनाचा संदेश. २०२० साली त्याची सातवी आवृत्ती आली आणि सहचर पॅकेजांच्या मागण्या ते काटेकोरपणे पाहू लागले. मेळ बसला नाही म्हणजे ते विसंगतीचे वृक्षरूप टिपण देते आणि लगेच सांगते की, विरोध दूर करा, अथवा अमुक पर्याय जोडून हीच आज्ञा पुन्हा द्या. मात्र त्याने होणारी जुळणी चुकीची आणि कदाचित मोडकी असेल. इशारा प्रामाणिक आहे. पण संकटात सापडलेल्या माणसापुढे एक अवघड वाट आणि एक तयार पळवाट शेजारी ठेवली, आणि पळवाटेची अक्षरे त्याला जशीच्या तशी उतरून घेता येतील अशी लिहिली, तर तो काय करील हे सांगावयास नको. संदेशातील आशय एक गोष्ट सांगतो आणि त्याची मांडणी दुसरी. वाचक मांडणीचे ऐकतो. त्याच एनपीएमच्या जगात मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्टपॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले तेव्हा असंख्य कार्यक्रम उभारणे अडले. अडलेल्यांच्या पडद्यावर ‘लेफ्टपॅड’ सापडत नाही अशी वार्ता उमटली. ज्यांनी ते पॅकेज कधी मागितले नव्हते, ज्यांना ते आहे हेही माहीत नव्हते, त्यांना ही वार्ता म्हणजे अनोळखी माणसाच्या नावे आलेली तार होती. मागणाऱ्याचे नाव सांगितल्यावाचून मागितलेल्या वस्तूचे नाव सांगणे व्यर्थ, हे या प्रसंगाइतके ठळकपणे दुसरीकडे क्वचितच दिसले असेल.

आता मराठीकडे. एपीटीसारख्या साधनांचे संदेश मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवकांनी केलेले आहे, आणि फ्युएल या उपक्रमाने २००८ पासून भारतीय भाषांत संगणकावरील नित्याच्या शब्दांचे प्रमाणीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे. या श्रमांचे मोल कमी नाही. परंतु चर्चा बहुधा शब्दांवर अडून राहिली. डिपेंडन्सीला अवलंबन म्हणावे, अवलंबित्व म्हणावे की निर्भरता, हा वाद कितीही रंगला तरी संदेश त्यामुळे वाचनीय होत नाही; कारण दुखणे शब्दात नसून वाक्यात आहे. एपीटीच्या संदेशाचे तुकडे अनुवादकाच्या हाती सुटे येतात. ‘अवलंबून’ हा एक तुकडा. ‘परंतु अमुक बसविलेले आहे’ हा दुसरा. ते कोणत्या क्रमाने छापावयाचे हे कार्यक्रमात आधीच ठरलेले असते आणि अनुवादकाला तो क्रम बदलता येत नाही. इंग्रजीस हे सोसते, कारण तिच्यात नामाचे रूप बदलत नाही आणि क्रियापदास लिंग नाही. मराठीत ‘बसविलेला’, ‘बसविलेली’, ‘बसविलेले’ यांतील कोणते घ्यावे, हे कर्मपद नजरेसमोर नसताना ठरवावयाचे कसे? विभक्तिप्रत्यय लावावयाचा तर अनोळखी नावाचे सामान्यरूप कोणते? क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेत ‘अवलंबून’ मध्येच टाकून पुढे नाव लिहिले की जे तयार होते ते वाक्य नव्हे. ती बाजारहाटाची यादी होय.

यावर उपाय नाही असे नाही, आणि तो मराठीत फार पूर्वीपासून आहे. परकी नावे वाक्यात आणताना मराठी गद्य त्यांना विकार न करता शेजारी सामान्यनाम उभे करते: ‘हॅम्लेट’ या नाटकात, ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने. प्रत्यय सामान्यनाम झेलते, लिंगही तेच ठरविते, आणि नाव अबाधित राहते. ‘अमुक या पॅकेजला’ असे लिहिले की कोणतेही नाव तेथे बसविता येते. मात्र त्यासाठी सबंध वाक्य एकाच घटकाच्या रूपाने अनुवादकाच्या हाती द्यावयास हवे. संदेशांच्या अनुवादासाठी रूढ असलेल्या गेटटेक्स्ट या पद्धतीत वाक्यातील रिकाम्या जागांचा क्रम अनुवादकाला बदलता येतो. अडसर पद्धतीचा नाही, मूळ लेखकाने वाक्याचे तुकडे केल्याचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘अमुक हे तमुकवर अवलंबून आहे’ हे मराठी वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी ते स्थिती सांगते, मागणी सांगत नाही. शेतीचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते, असे म्हणताना पावसाकडे कोणी काही मागत नसते. पॅकेजांच्या व्यवहारात तर मागणी हेच मर्म आहे: कोणीतरी, काहीतरी, अमुक मापाचे मागत आहे. या भावासाठी मराठीत चतुर्थीची सहज रचना आहे: ‘याला ते हवे’, ‘याला ते लागते’, ‘याला त्यावाचून चालत नाही’. ही रचना ग्रंथिक भाषेपुरती नाही. राजूर-वणीकडच्या बोलीत ‘मले पायजे’ म्हणतात, पुण्याकडे ‘मला हवे’ म्हणतात. प्रत्यय व शब्द निराळे, सांगाडा एकच. ‘निर्भरता अपूर्ण’ हे वाचून राजूरच्या महाविद्यालयीन वयाच्या मुलास जे कळणार नाही, ते पुढील तीन वाक्यांत कळेल: ‘हजेरीपट’ आणि ‘दिनदर्शिका’ ही पॅकेजे एकत्र बसविता येत नाहीत. ‘दिनदर्शिका’ या पॅकेजला ‘कालगणना’ या पॅकेजची २ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी; ‘हजेरीपट’ या पॅकेजला २ च्या आतली हवी. ‘हजेरीपट’ची याहून नवी आवृत्ती उपलब्ध नाही, ‘दिनदर्शिका’ची १.४ ही आवृत्ती घेतल्यास दोन्ही बसतील. यात एकही पारिभाषिक शब्द घडवावा लागला नाही. कोणावर आरोप नाही, कोणी मोडके नाही. आणि शेवटच्या वाक्यात जे सांगितले आहे ते वाचकाच्या हातचे आहे. साधनाला हे शेवटचे वाक्य लिहिण्यासाठी आणखी थोडा शोध घ्यावा लागेल, हे खरे. पण तो शोध अन्यथा वाचकास घ्यावा लागतो, आणि तो त्याच्यासाठी पुष्कळ महाग असतो.

मराठीभाषकांना विसंगतीचा जो सर्वांत मोठा अनुभव आला, त्यात मात्र संदेशच नव्हता. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या साधनांच्या निरनिराळ्या फाँटांत टंकित होत असे, आणि अनेक छापखान्यांतून व कचेऱ्यांतून ती प्रथा पुढेही चालू राहिली. त्यांतील कित्येक फाँटांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसविलेल्या असत. अशी फाइल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडे. यंत्र न कुरकुरता दुसरा फाँट लावी आणि गप्प राही. या फाइलीला अमुक फाँट हवा, तो येथे नाही, एवढी एक ओळ जरी उमटली असती तरी किती निबंध, किती अर्ज, किती हस्तलिखिते ‘बिघडली’ म्हणून टाकून दिली गेली नसती! ती बिघडलेली नव्हतीच. वाघीण धड होती. मजकुराची फाँटाशी असलेली गाठ यंत्राच्या दृष्टीने केवळ शोभेची होती, अर्थाची नव्हती. म्हणून ती तुटल्याची वार्ता देण्याचे त्याला कारण दिसले नाही. जी मागणी मागणी म्हणून नोंदलीच गेली नाही तिच्याबद्दल संदेश लिहिणे कोणालाही शक्य नसते. त्रुटिसंदेशाच्या गद्याची सुरुवात म्हणूनच त्रुटीच्या क्षणी होत नाही. ती लेखक आपल्या पॅकेजच्या गरजा लिहावयास बसतो तेव्हा होते.

आणि तेथे एक उणीव आजही आहे. ‘हजेरीपट’च्या लेखकाने ‘२ च्या आतली’ अशी मर्यादा घातली. का घातली? दुसरी आवृत्ती त्याने वापरून पाहिली आणि तिच्यात तारखा चुकतात असे त्याला आढळले काय? की त्याने लिहिले तेव्हा दुसरी आवृत्ती निघालीच नव्हती, आणि पुढे मेळ तुटेल या भीतीने त्याने आधीच दार लावून ठेवले? पहिल्या प्रसंगी मर्यादा ओलांडणे धोक्याचे. दुसऱ्या प्रसंगी ती कदाचित निर्धास्तपणे ओलांडता येईल. अडलेल्या वाचकासाठी याहून मोलाची माहिती नाही. परंतु नोंदीत असतो तो फक्त अंक, आणि पबग्रबसारखा निर्दोष युक्तिवाद करणारे साधनही त्या अंकापाशी येऊन थांबते. त्याच्या मागचे कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. कारण लिहून ठेवण्याची प्रथा या व्यवहारात अगदीच अपरिचित आहे असे नाही. पायथॉनच्या पॅकेजसंग्रहात एखादी सदोष आवृत्ती मागे घेतली असता तिच्या लेखकाला कारणाची एक ओळ लिहिता येते, आणि कोणी ती आवृत्ती नेमकी मागून बसविली तर पिप ती ओळ त्याला दाखविते. या तरतुदीस २०१९ साली मान्यता मिळाली. एनपीएममध्येही एखादे पॅकेज वापरू नये असे सुचविताना लेखकाचे शब्द पडद्यापर्यंत पोचतात. आवृत्तीच्या वरच्या मर्यादेशेजारी तशीच एक ओळ, साधनाला वाचता आणि दाखविता येईल अशा जागी, लिहिण्याची सोय झाली, तर ‘हजेरीपट’चा लेखक तेथे इतकेच लिहील: २ ही आवृत्ती अजून तपासलेली नाही.